उंबरठ्याबाहेरचा चहा

आयंडहोवनहून निघायच्या आदल्या दिवशी सांगलीच्या मावशीने फोनवर दोनदा बजावलं, "घर नीट बघून ये हो. स्वयंपाकघर केवढं आहे, ऊन येतं का, सगळं सांग मला." मावशीची नंदा, म्हणजे माझी मावसबहीण. तिचा डच नवरा आजारपणात गेला आणि बुइटनव्हेल्डर्ट या महागड्या वस्तीतलं घर सोडून ती लेकीला घेऊन आल्मेरेला राहायला गेली. कोरोनामुळे मावशीला येणं शक्यच नव्हतं. तेव्हा तिचे डोळे म्हणून रविवारी सकाळी मीच निघाले. पिशवीत डिंकाचे लाडू होते आणि थर्मास भरून चहा.

चहा घरून नेण्याचं कारण असं, की नंदा मॉर्मन या ख्रिस्ती पंथातली आहे. लग्नानंतर तिने नवऱ्याचा पंथ मनापासून स्वीकारला. त्यांच्यात दारू नाही, कॉफी नाही आणि चहासुद्धा नाही. मावशीचं त्यावरचं मत ठरलेलं आहे. "देवाचं एक वेळ समजून घेईन गं, पण चहा?"

गाडी रिकामीच होती. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती आणि ती पुसण्याच्या नादात उट्रेख्तला गाडी बदलताना थर्मास सीटवरच राहिला. गेला माझा चहा! बाहेर कालवे गोठले होते आणि माणसं त्यावरून स्केट्स घालून सुसाट चालली होती. आल्मेरे म्हणजे समुद्र हटवून मिळवलेली जमीन. सरळ रस्ते, कोवळी झाडं, एकसारखी विटांची घरं. त्या एकसारखेपणापायी मी एक गल्ली आधीच बसमधून उतरले आणि गारठून कशीबशी नंदाच्या दारात पोचले.

दार उघडून नंदा हसली, पण बाजूला होईना. तिची नऊ वर्षांची तारा मागून डचमध्ये म्हणाली, "मग आता हेरिट आजोबांना येऊ नका म्हणायचं?" ताराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्येच येतं.

"काय झालं गं?" मी विचारलं.

नंदाने खाली मान घालून सांगितलं. दर रविवारी त्यांच्यात प्रार्थना करून पावाचा तुकडा आणि घोटभर पाणी घेतात, येशूची आठवण म्हणून. ती प्रार्थना पंथाने नेमलेल्या पुरुषानेच म्हणायची. नवरा होता तोवर प्रश्न नव्हता. आता प्रार्थनामंदिर बंद, घरात पुरुष नाही. तो गेल्यापासून हिला तो पाव मिळालाच नव्हता. पंथाने नेमलेले हे हेरिट आजोबा येणार होते, पण आधी तेच आजारी पडले. आज सकाळी फोन आला, बरा झालोय, निघालोय. आणि सरकारी नियम असा, की एका घरात दिवसाला एकच बेझूक (पाहुणा).

"मी त्यांना परत पाठवते, ताई. तू एवढ्या लांबून आलीस."

"अगं, दोघंही येतो! कोण बघतंय? पडदे ओढ."

"पडदे ओढून देवाचं नाव घेऊ? तो पाव घशाखाली उतरेल का?"

"मग तूच म्हण ती प्रार्थना. शब्द येतात ना तुला?"

"पाठ आहेत. पण आमच्यात बायका म्हणत नाहीत."

"आणि हे तुला पटतं?" माझा आवाज जरा चढलाच.

"रोज नाही पटत," नंदा म्हणाली. "तारापण हेच विचारते. पण आज मला भांडायचं नाही गं. आज मला फक्त तो पाव हवाय."

तिचे डोळे भरून आले. मी पाहिलं, माझे बूट अजून पायपुसण्यावरच होते. "हे बघ नंदे," मी म्हटलं, "मी उंबरठा ओलांडलाच नाही. म्हणजे मी पाहुणी नाही. बाकावर बसते. जा तू."

खिडकीसमोर एक बाक होता. थोड्या वेळाने सायकलवरून एक उंच म्हातारा आला. मला पाहून त्याने इंग्रजीत विचारलं, "तुम्ही आत नाही येत?"

"आज तुमचा नंबर," मी म्हटलं. त्याने टोपी काढून मान लववली आणि तो आत गेला.

डच लोक पडदे ओढत नाहीत, ते किती बरं! टेबलावर पांढरा कपडा होता. दुकानातला साधा पाव आजोबांनी मोडला, टेबलाला धरून हळूहळू गुडघे टेकले आणि प्रार्थना म्हटली. मला शब्द ऐकू येत नव्हते. नंदाने तुकडा तोंडात घेतला आणि ती हमसून हमसून रडली. ताराने तिचा हात धरून ठेवला. बायकांनी का म्हणू नये, हा माझा राग तसाच होता, अजूनही आहे. पण काचेपलीकडे ती रडत होती आणि अलीकडे मीही.

आजोबा गेल्यावर खिडकी उघडली. नंदाच्या हातात वाफाळता कप होता.

"चहा? तुझ्या घरात?"

"तुझ्यासाठी कालच आणून ठेवला होता. आम्ही पीत नाही, पाजू नये असं थोडंच आहे? पण ताई, चाखता येत नाही ना, साखर अंदाजाने घातलीय. कसा झालाय?"

एक घोट घेतला. अक्षरशः पाक! 'मस्त' हा शब्द ओठांवर आला होता. पण सकाळपासून ही बाई नियमापुढे एवढीशी लबाडी करायला तयार नव्हती आणि मी थाप मारू?

"नंदे, फार गोड झालाय गं."

ती आधी ओशाळली, मग खो खो हसली. मी कप रिकामा केला. मग कोट चढवून मायलेकी बाहेर आल्या आणि गोठलेल्या कालव्याकाठी फिरत आम्ही लाडू संपवले. हा डिंक झाडावरच येतो का, असं ताराने डचमध्ये विचारलं आणि दुसरा लाडू उचलला.

परत आयंडहोवनला पोचते न पोचते तोच मावशीचा फोन. तिकडे झोपायची वेळ टळून गेली होती, तरी ही जागी.

"कसं आहे घर?"

"मावशी, घर मी पाहिलंच नाही." मग सगळं सांगितलं, पावाचंही. मला वाटलं, मावशी चिडणार.

"चहा केला तिने?" तिने हळूच विचारलं.

"केला की. साखर मात्र भरमसाट. चाखत नाही ना ती."

"चाखायचा काय संबंध?" मावशीचा आवाज भरून आला होता. "लग्नाआधीपासून तसाच करते ती."