सुनेची खुर्ची

घरात तिला सगळे ‘पट्टी’ म्हणत. पट्टी लावल्याशिवाय तिला रेघ ओढता येत नसे आणि रेघ ओढल्याशिवाय विचार करता येत नसे. क्लासमध्ये बुद्धिमत्ता चाचणी शिकवता शिकवता केस पिकले, तरी मुलांना ती अजून तेच सांगते, आधी आकृती काढा, मग तोंड उघडा. पण एखादी पोरगी प्रश्न ऐकता ऐकताच उत्तर बोलून गेली की तिला रागवायचं सुचत नाही. तिला वहिनी आठवते, आणि मग त्या दिवशी शिकवण्यात काही लक्ष लागत नाही.

वहिनी म्हणजे तिच्या दादाची बायको. एका वर्षी दोघींनी मिळून कारकुनाच्या परीक्षेचा अर्ज भरला. पट्टी जेमतेम विशीतली, तिला कसली घाई? वहिनीचं मात्र वय निघून चाललं होतं. वयाच्या अटीत बसणारी तिची ही शेवटचीच परीक्षा होती, आणि नोकरी तर तिला जिवापाड हवी होती. “दिवसातले चार तास तरी कुणीतरी मला नावाने हाक मारावी,” ती म्हणायची. “इथे आपलं उठसूट ‘अगं, ऐकलंस का!’”

दुपारची आवराआवर झाली की जेवणाच्या टेबलावर अभ्यास चाले. पट्टी ‘काही डॉक्टर गायक आहेत’ असले प्रश्न मोठ्याने वाचून वर्तुळात वर्तुळं अडकवत बसायची. समोर वहिनी मटार सोलत असायची.

“तिसरा पर्याय,” वहिनी म्हणायची.

“कशावरून?”

“कशावरून काय? दिसतंय की!”

पट्टीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पानभर रेघोट्या मारून झाल्यावर उत्तर यायचं, तिसरा पर्याय.

“वहिनी, परीक्षेत असं नशिबावर सोडून नाही चालत.”

“नशीब कसलं आलंय, वन्सं? मला ती माणसं दिसतात. तुमच्यासारखा गोल काढला ना, की नुसता गोल दिसतो.”

एकाच जातीचा प्रश्न मात्र वहिनीचा हटकून चुकायचा. गोल टेबलाभोवती कुटुंब जेवायला बसलंय, सांगा कोणाशेजारी कोण? मुलीच्या डाव्या हाताला सासूबाई, असं वहिनी छातीठोकपणे सांगायची. उत्तर असायचं सून. आजोबा बदलले, जावई आला, तरी गाडी तिथेच अडायची. शेवटी पट्टीने वैतागून विचारलं, “तुमच्या डोळ्यांपुढे टेबलाशी कोण कोण बसलंय, ते सांगा बघू.”

वहिनीने डोळे मिटले. “सासरे, सासूबाई, मुलगा, मुलगी.”

“आणि सून?”

“ती कशी बसेल? ती वाढतेय ना!”

वहिनी स्वतःच खो खो हसत सुटली. हसता हसता मध्येच थांबली, आणि मटाराची एकच शेंग कितीतरी वेळ हातात धरून राहिली. याच टेबलावर पट्टी लहानाची मोठी झाली होती, रोज वहिनीच्या हातचं गरम गरम खात होती, आणि हे कधी तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

त्या रात्री तिने वहिनीला खांदे धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः वाढायला घेतलं. आईच्या भुवया वर गेल्या. “आज काय विशेष?” दादाने विचारलं.

“अभ्यास,” पट्टी म्हणाली. बाबांनी ताट पुढे ओढलं. वहिनी खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकली होती. कुणी मीठ म्हटलं की उठे, पाणी म्हटलं की उठे. पट्टी तिला दर वेळी दाबून बसवी. परीक्षेपर्यंत हा अभ्यास रोज चालला. शेवटी शेवटी वहिनी पाठ टेकून जेवू लागली आणि आईनेही पाण्याचं भांडं आपणहून तिच्याकडे सरकवलं.

परीक्षेच्या वर्गातून पट्टी रडवेली होऊन बाहेर आली. आकृत्या सुरेख निघाल्या होत्या, पण शेवटचं पान तसंच कोरं राहिलं होतं. वहिनी फाटकाशी वाट बघत उभी होती.

“आला होता का टेबलाचा प्रश्न?” पट्टीने धास्तावून विचारलं.

“आला की! सगळ्यांच्या आधी सुनेला बसवलं. तिला म्हटलं, कुणी काहीही मागू दे, उठायचं नाही.”

वहिनी पास झाली. पट्टी त्या खेपेला नापास झाली, पण त्या नापास होण्याचं तिला आजही फारसं वाईट वाटत नाही.

पुढे एकदा ती काही कामासाठी वहिनीच्या कचेरीत गेली. मधली सुट्टी होती. लांब टेबलाशी, चारचौघांच्या मधोमध, वहिनी डबा खात बसली होती. कुणीतरी तिला नावाने हाक मारून काहीतरी विचारलं. वहिनीने तोंडातला घास सावकाश संपवला आणि मगच उत्तर दिलं. पट्टीचे डोळे भरून आले. वहिनीने तिला पाहिलं असतं तर ती ताबडतोब उठून आली असती. म्हणून पट्टी गुपचूप मागे सरली आणि वहिनीचं जेवण होईपर्यंत दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिली.