एका खोलीत सगळी

पिसिलाच्या घरात खोबरेल तेल वर्षातले चार-पाच महिने बाटलीत दगड होऊन बसायचं. सकाळी उठल्या उठल्या ती बाटली काखेत धरायची, तशीच काखेत धरून पोरांच्या पावाला लोणी लावायची, हाका मारमारून एकेकाला अंथरुणातून बाहेर काढायची, आणि तेल पातळ झालं की पुढ्यात ओढून डोकी चोपडायची.

"आई, तुझ्या घामाचा वास येतो तेलाला!" थोरली एसेता कुरकुरायची.

"येऊ दे की. वर्गात आई शेजारी बसलीय असं वाटेल."

"मग गणितं पण तीच सोडवेल का?"

एसेता ही अशी. जीभ म्हणजे कात्री, आणि नकला तर अशा करायची की चर्चमधले पाद्रीबाबासुद्धा स्वतःची नक्कल बघून पोट धरून हसले होते. तिच्या पाठचे सेमी आणि तोमासी, दोघं तिच्या शब्दाबाहेर जायचे नाहीत.

पिसिला टोंगन, हापाईच्या उबदार बेटांवरची. लग्न झालं आणि नवऱ्यामागोमाग, मानासेमागोमाग, समुद्रापारच्या थंड दक्षिणेकडच्या गावी, ओमारूला आली. गावाबाहेरच्या मटणाच्या कारखान्यात दोघं लागली. तो कोकरं सोलायचा, ती मांसाचे तुकडे पिशव्यांत भरायची. दिवसभर गार खोलीत उभं राहायचं आणि संध्याकाळी तितक्याच गार घरात शिरायचं. घर टेकडीच्या चढावर, लाकडी, शंभरी केव्हाच ओलांडलेलं. छत एवढं उंच की हीटरची ऊब सरळ वर जाऊन बसायची, खाली माणसांच्या वाट्याला काही उरायचं नाही. भिंतीतली जुनी शेकोटी घरमालकाने विटा रचून बुजवली होती. फळ्यांमधून वारा शिट्या मारायचा, पहाटे काचांवरून पाण्याचे ओघळ लागायचे, पडद्यांमागे काळी बुरशी धरायची. पिसिला दर शनिवारी ती पुसून काढायची आणि पुढच्या शनिवारी ती परत हजर. मालकाला सांगितलं तर तो म्हणे, "खिडक्या उघडत जा. तुम्ही लोक फार शिजवता, घरात वाफ होते."

"ह्याच्या घरी सगळे कच्चं खातात वाटतं," मानासे टोंगनमध्ये पुटपुटला आणि मालकाकडे बघून गोड हसला.

पहिल्या हिवाळ्यात एसेता तान्ही होती. एका पहाटे पिसिलाने तिला पाळण्यातून उचललं तर पोरीचे ओठ निळे पडले होते. त्या दिवशी तिने ठरवलं की माझं लेकरू वेगळं झोपणार नाही. तेव्हापासून घरात रिवाजच पडला. मे सरत आला, तिकडचा हिवाळा तोंडावर आला, की सगळ्या गाद्या पुढच्या खोलीत यायच्या. खाली हापाईहून आलेल्या जाड चटया, वर गाद्या, त्यावर घरातलं होतं नव्हतं ते पांघरूण. मधल्या दाराच्या फटीशी मानासे, कारण तो सगळ्यांत रुंद. मग पोरगे, मग एसेता, मग पिसिला. कारखान्याचा हंगाम असला की मानासेचा चुलतभाऊ फिनाऊ, त्याची बायको आणि त्यांची दोन मुलंही येऊन राहायची. जागा सगळ्यांना व्हायची.

"वहिनी, मी कुठे झोपू?" फिनाऊ विचारायचा.

"खिडकीखाली."

"म्हणजे सकाळी मला पण सोलून पिशवीत भरा."

खोली हसायची. दिवा मालवला की प्रार्थना, प्रार्थनेनंतर गाणं. अंधारात तोंडातून निघणारी वाफ दिसायची नाही, पण एकमेकांच्या मानेला लागायची. हीटर बंद करून पिसिला आडवी व्हायची, एसेताचे गारठलेले तळवे आपल्या पोटऱ्यांमध्ये घ्यायची, आणि देवाचे आभार मानून डोळे मिटायची. रविवारी चर्चनंतर अळूच्या पानांत बांधलेलं मांस वाढता वाढता ती बायकांना अभिमानाने सांगायची, "घर कसं का असेना, माझ्याकडे थंडीने कोणी रडत नाही."

एसेता अकरा वर्षांची होती त्या हिवाळ्यात घरात घसे बसले. आधी फिनाऊच्या धाकट्याचा, मग सेमीचा, मग सगळ्यांचा. पिसिलाने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, आठवड्याभरात सगळी बरी झाली. तीन-चार आठवड्यांनी एसेताचा गुडघा दुखायला लागला. "वाढीचं अंग आहे गं," पिसिला म्हणाली आणि काखेतलं तेल तिच्या गुडघ्याला चोळलं. गुडघा थांबला, घोटा सुरू झाला. घोटा थांबला, मनगट. एसेता लंगडण्याचीसुद्धा नक्कल करायची, आज डावीकडची म्हातारी, उद्या उजवीकडची. एका सकाळी तिला उठताच येईना. अंग तापलेलं, दोन्ही घोटे सुजलेले. मानासेने पाठुंगळी घेऊन तिला गाडीत घातलं.

हॉस्पिटलात कळलं की हा नुसता सांध्यांचा ताप नव्हता. घशातल्या जंतूंपासून सुरू झालेलं दुखणं आता हृदयाच्या झडपेला लागलं होतं.

ज्युडिथ नावाची नर्स पिसिलाजवळ बसली. पन्नाशीची, शांत बाई. घराची चौकशी करता करता तिने विचारलं, "मुलगी कुठे झोपते?"

"माझ्याजवळ. आम्ही सगळी एका खोलीत झोपतो," पिसिला म्हणाली. चांगल्या आईने आणखी काय करायचं असतं?

"सगळी म्हणजे?"

पिसिलाने बोटं मोजली. फिनाऊचं कुटुंब आलं तेव्हा दुसरा हात वापरावा लागला.

ज्युडिथने पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "पिसिला, हे जंतू जवळ जवळ झोपणाऱ्यांत एकाकडून दुसऱ्याकडे जातात. घर गार आहे म्हणून तुम्ही जवळ झोपता, हे मला कळतं. चूक घराची आहे, तुमची नाही."

पिसिलाच्या कानांनी पहिलं वाक्य घेतलं आणि तिथेच दार लावून घेतलं. पुढचं काही आत गेलं नाही.

घरी आल्यावर तिने गाद्या उचलल्या. सेमीची मागच्या खोलीत, तोमासीची स्वयंपाकघराशेजारी. मानासे म्हणाला, "अगं, पोरं गोठतील तिकडे."

"गोठू देत. गोठलेलं वितळतं."

फिनाऊला तिने तोंडावर सांगितलं, "भावजी, या वर्षी दुसरीकडे बघा." टोंगन घरात पाहुण्याला असं कोणी सांगत नाही. फिनाऊने टोपी घातली आणि तो गेला.

त्या रात्री दोन खोल्यांमधल्या बोळात ती पांघरूण घेऊन बसून राहिली. सेमी बराच वेळ चुळबुळत होता. मग त्याचा आवाज आला, "आई, आम्ही काय केलं?"

"काही नाही रे राजा. झोप."

"मग तू रागावलीस का आमच्यावर?"

उठून त्याच्या पांघरुणात शिरावं असं तिच्या अंगातल्या हाडा-हाडाला वाटत होतं. ती उठली नाही. पलीकडे तोमासी रडत होता, थंडीने की कशाने ते देव जाणे.

एसेता घरी आली आणि ते जंतू परत लागू नयेत म्हणून दर महिन्याचं इंजेक्शन सुरू झालं. मांडीत द्यायचं, आणि असं दुखायचं की मोठी माणसं कळवळावीत. गुणगुणत सुई टोचणाऱ्या ज्युडिथला एसेता दात आवळून म्हणायची, "बाई, तुमच्या घरी मुलं आहेत ना? त्यांनाही अशीच गाणी म्हणत टोचता का?" ज्युडिथ हसायची, पिसिला भिंतीकडे बघायची. पोर वाढली, चर्चच्या गायनात तिचा आवाज सगळ्यांच्या खालून नदीसारखा वाहायला लागला, तरणी पोरं तिच्या मागे लागली. पण घरात ती आता वेगळ्या खोलीत एकटी झोपत होती. घरातला एकुलता एक हीटर तिच्या पलंगाशी असायचा. पिसिला दारातून "झोप हं" म्हणायची आणि दार ओढून घ्यायची. मुलीच्या अंगावर आपला श्वाससुद्धा पडू नये म्हणून जपायची.

एकोणिसाव्या वर्षी एसेता क्राइस्टचर्चला गेली, बेकरीत कामाला. तिथे मैत्रिणींबरोबर भाड्याने राहिली. तेही घर तसलंच, जुनं आणि ओलसर. फोनवर पिसिला विचारायची, "इंजेक्शन घेतलंस?"

"घेतलं गं आई."

काही वेळा घेतलं होतं. पुष्कळदा नव्हतं. पहाटे भट्टीवर जायचं, दिवसा झोपायचं, आणि अंगात एकविशीतली घमेंड. जिना चढताना दम लागतो हे तिने वर्षभर कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा झडप बदलण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. ऑपरेशन झालं, पण हृदय फार थकलं होतं. जूनच्या सुरुवातीला मानासे तिला गाडीत उशांवर बसवून घरी घेऊन आला.

तो तिचा शेवटचा हिवाळा. तिला आडवं झोपवत नसे, बसूनच डोळा लागायचा. हीटर रात्रभर चालायचा, तरी खोली गारच. पिसिला तिचे पाय लोकरीत गुंडाळायची, रबरी पिशवीत गरम पाणी भरून द्यायची.

एकदा एसेता म्हणाली, "आई, गाद्या पुढच्या खोलीत टाकू या ना. पूर्वीसारख्या."

"नको."

"बाबा दाराशी, पोरं मध्ये. मी गाणं नाही म्हणणार, नुसती ऐकीन."

"तुला काही लागलं कोणाचं तर?"

एसेता हसली. "आता काय लागायचं राहिलंय गं? बरं, तू तरी ये. पाय बर्फ झालेत माझे."

पिसिलाने तिचे पाय पांघरुणावरून चोळले. पांघरुणात शिरली नाही. "सकाळी येते," म्हणाली. सकाळी कारखान्याची पाळी होती. असं त्या महिन्यात किती वेळा झालं, ते पिसिलाने पुढे कोणाला सांगितलं नाही. जुलैमध्ये एका दुपारी एसेताला धाप लागली. रुग्णवाहिका हॉस्पिटलच्या दाराशी पोचायच्या आत सगळं संपलं.

तिला घरी आणलं. ऑकलंडहून मानासेची थोरली बहीण फालाकिका आली, हापाईचे नातलग आले, चर्चची सगळी माणसं आली, काळे कपडे, सुतकाच्या रीतीप्रमाणे कमरेला गुंडाळलेल्या जुन्या चटया. फिनाऊ आला आणि दारातच पिसिलाच्या पायांशी बसला. एसेताला पुढच्या खोलीत चटयांच्या थरांवर निजवलं. प्रेत असल्यामुळे हीटर लावायचा नव्हता. रात्र वाढली तशी माणसं होती तिथेच कलंडली, एकमेकांना टेकून, एका पांघरुणात चार-चार. गाणी चालू होती.

भाचीच्या डोक्याशी बसायचा मान आत्याचा. आई बाजूला, रीतच आहे तशी. पिसिला भिंतीला लागून बसली होती, हात मांडीवर, डोळे कोरडे. फालाकिका बराच वेळ तिच्याकडे बघत होती. मग तो धिप्पाड देह उठला.

"पिसिला, इकडे ये."

"ताई, तो मान तुमचा..."

"मान राहू दे चुलीत. ये म्हणते ना. पोर एकटी निजलीय."

पिसिला गेली. एसेताच्या शेजारी आडवी झाली, तिच्यावरच्या चादरीची कड उचलून आत शिरली आणि तिचे पाय आपल्या पायांत घेतले. गाणाऱ्यांचा आवाज मध्येच तुटला, मग पुन्हा कोणीतरी सूर उचलला. पहाटे तिला उठवायला दोघी-तिघी लागल्या.

यालाही आता काही वर्षं झाली. मुलगे ऑस्ट्रेलियात कामाला गेले. मानासे आणि पिसिला त्याच घरात राहिली. मानासेने एक-दोनदा घर बदलायचं काढलं, ती "बघू" म्हणाली.

मग भाड्याच्या घरांसाठी नवा कायदा आला आणि मालकाला हात हलवावे लागले. एका सकाळी दोन कामगार टेम्पो घेऊन आले. छतावरच्या पोकळीत लोकरीसारखे जाड थर अंथरले, जमिनीखाली तसेच ठोकले, दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्या, पुढच्या खोलीच्या भिंतीवर गरम हवेचं नवं यंत्र बसवलं. पिसिलाने त्यांना चहा दिला, केक दिला. दोघांतला वयस्कर माणूस हात पुसत म्हणाला, "झालं बघा. आता रात्रीचं गारठायला होणार नाही तुम्हाला."

"एवढ्यात झालं?"

"म्हणजे काय! एवढंसं तर घर."

टेम्पो उतारावरून गेला. मानासे पाळीवरून आला तेव्हा घर ऊबदार होतं. काचा कोरड्या होत्या. पिसिला पुढच्या खोलीत जमिनीवर बसली होती आणि हंबरडा फोडून रडत होती. दफनाच्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. तो घाबरला, डबा तसाच टाकून तिच्याजवळ बसला.

"काय झालं? कोणाचा फोन आला का? पोरं बरी आहेत ना?"

तिला बोलायला वेळ लागला.

"अर्ध्या दिवसाचं काम होतं, मानासे," ती म्हणाली. "सकाळी आली माणसं आणि जेवायच्या आत गेली. अर्ध्या दिवसाचं काम होतं रे."

मानासेने तिला जवळ ओढलं. भिंतीवरचं यंत्र बारीक घुमत होतं. थोड्या वेळाने त्याला घाम फुटला, पण अंगातलं कारखान्याचं जाकीट काढायला तो उठला नाही.