‘ण’ म्हण

“आ कर,” मोठे डॉक्टर म्हणाले.

मी आ केलं. हातातला बीपीचा पट्टा तसाच हातात राहिला. त्यांनी ट्रेमधून घसा बघायची लाकडी पट्टी उचलली, वरचा कागद फाडला आणि माझ्या तोंडात घातली. जिभेखाली. जीभ वर ढकलून टाळूला टेकवली.

“हां. इथे. इथून येतो ण. आता म्हण, पाणी.”

तोंडात लाकूड असताना माणूस काय म्हणणार? घशातून कसलासा आवाज निघाला. लाळ हनुवटीवर ओघळली. राउंडला आलेला शिकाऊ डॉक्टरांचा घोळका हसला. वॉर्डबॉय हसला. समोरच्या खाटेवरच्या पेशंटचा मुलगा मोबाइल खाली करून हसला.

“पुन्हा. पा-णी.”

गुन्हा काय, तर खाटेवरच्या हिराबाई मला म्हणाल्या होत्या, “पोरी, जरा पानी दे गो. घसा सुकलाय.” आणि मी म्हटलं होतं, “आता पानी नाय प्यावाचा आयो. दुपारला ऑपरेशन हाय ना.” त्या “बरा” म्हणून गप्प पडल्या. त्यांना समजलं होतं. काम झालं होतं. पण डॉक्टरांच्या कानाला ते खुपलं.

“सिस्टर, हे हॉस्पिटल आहे. मासळीबाजार नाही,” असं म्हणून त्यांनी पट्टी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. गंमत केल्यासारखं. रागावले नव्हतेच ते. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी काय केलं? मी “थँक यू, सर” म्हटलं. बाहीने हनुवटी पुसली आणि पुढच्या पेशंटचं बीपी घेतलं.

वसईतलं मोठं खाजगी हॉस्पिटल. नाव सांगत नाही. मी तिथे नर्स आहे. मी पाचूबंदरची. बाबांची होडी, आय लिलावातून मासळी उचलून विकते. आमच्या घरी पानी, लोनी, कोन, दुखना. आमच्या बोलीत ण नाही. राहून गेलेला नाही, विसरलेला नाही. नाहीच. रविवारी मिस्साला चर्चमध्ये फादर प्रमाण मराठीत प्रार्थना सांगतात, आम्हीही तसंच म्हणतो. बाहेर पायरीवर आलो की परत आमचं सुरू. ह्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. नर्सिंगच्या हॉस्टेलला गेले तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्या तोंडाला वास येतो असं लोकांना वाटतं. मग आयशी फोनवर बोलायला मी गच्चीवर जायचे. टाकीच्या मागे. चोरी केल्यासारखी.

हे सगळं मी तुमच्या मराठीत सांगतेय. माझ्या बोलीत सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता. का, ते पुढे कळेल.

त्या राउंडनंतर फ्लोअर मॅनेजर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. “पेशंटशी मराठी, हिंदी नाहीतर इंग्लिश. ते गावठी नको. हॉस्पिटलची इमेज असते.” मी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून मी हिराबाईंशी पुस्तकासारखं बोलायला लागले. “आजी, आता बरं वाटतंय का? वेदना होत आहेत का?”

हिराबाई मिठागराकडच्या गावातल्या. त्यांची बोली आणि माझी बोली एकच नाही, पण एका कुंपणाच्या दोन बाजूंना राहणाऱ्या शेजारणींसारख्या आहेत. मी पुस्तकी बोलले की त्या माझ्याकडे बघायच्या, पदर सारखा करायच्या, तलाठ्यासमोर बसल्यासारख्या ताठ व्हायच्या. “नाय, नाय. बरा हाय,” म्हणायच्या. बरं नव्हतं. चादर मुठीत धरून ठेवलेली दिसत होती मला. पण मी आता मॅडम झाले होते. मॅडमला कोण सांगतं दुखणं?

शेवटी त्यांनी सुनेला सांगितलं. सुगंधा नाव तिचं. राउंडच्या वेळी तीच डॉक्टरांना म्हणाली, “सासूला इचारा ना.” आणि हिराबाई हळूच बोलल्या, “मना मलमलतं. पोटान आग परलीय.”

डॉक्टरांनी मोबाइल काढला. “पुन्हा बोला आजी. सावकाश.” त्या पुन्हा बोलल्या. “अजून एकदा.” अजून एकदा बोलल्या. ते टिपून घेत होते. शिकाऊ पोरं एकमेकांकडे बघून ओठ चावत होती. जाताना डॉक्टरांनी गोळी बदलली, त्यात खोटं नाही बोलणार. ते गेल्यावर हिराबाई सुनेला म्हणाल्या, “डाक्टर चांगला हाय गो. तीनदा इचारला.”

मलाही तेव्हा तसंच वाटलं.

त्याच आठवड्यात मातृभाषा दिवस होता. मॅडम स्वतः चालत माझ्याकडे आल्या. “तू कोळी ना? घरी लुगडं असेल. नेसून ये. सरांची कल्पना आहे, भाषिक विविधता. तुझ्या भाषेतली वाक्यं स्क्रीनवर येतील, ती तू वाचायची आणि स्टाफने अर्थ ओळखायचा. ओळखेल त्याला चॉकलेट. तुमच्या भाषेचा सन्मानच आहे हा.”

मी विचारलं, “मग वॉर्डमध्ये बोललेलं चालेल, मॅडम?”

“ते वेगळं,” त्या म्हणाल्या.

ह्या दोन शब्दांवर मी तेव्हाच नकार द्यायला हवा होता. दिला नाही. खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरं वाटलं होतं. आपली बोली माइकवरून ऐकू येणार म्हणून. आयने तिचं चांगलं लुगडं काढून दिलं. चर्चच्या सणाला, फेस्ताला नेसते ते. नेसवताना म्हणाली, “नीट बोल हां. घाबरू नको.”

तळमजल्यावर लॉबीत स्टेज होतं. झेंडूच्या माळा, फलक, दिवा. एका बाजूला औषधांचं काउंटर, तिथे नेहमीसारखी नातेवाइकांची रांग. डॉक्टरांनी भाषण केलं. चांगलं बोलतात ते, आवाज आहे त्यांना. “ह्या दिवसाला जगाने मान्यता दिली, सरकारने मान्यता दिली. आता आपल्या मनाने द्यायची आहे. आपल्या मातीतल्या बोली म्हणजे आईचं दूध.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग मला बोलावलं. स्क्रीनवर पहिलं वाक्य आलं. “डोला सुजलाय.” मी वाचलं. खालून कोणीतरी ओरडलं, “डोली! लग्नाची डोली!” हशा. डॉक्टरांनी सांगितलं, डोळा. चॉकलेट कोणालाच मिळालं नाही. मीही हसले.

दुसरं वाक्य आलं. मी वाचायला लागले. आयने सांगितलं होतं तसं, नीट, न घाबरता. “मना मलमलतं. पोटान आग परलीय.”

अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं की हे मी ऐकलेलं आहे. तोवर तोंडातून निघून गेलं होतं.

“मलमल! मलमलची साडी!”

“मलमलची साडी आगीत पडली!”

लॉबी हसून हसून वाकली. डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसत होते. मी काउंटरकडे बघितलं. रांगेत सुगंधा उभी होती. हातात औषधांची पिशवी. ती हसत नव्हती. ती स्क्रीनकडे बघत नव्हती, डॉक्टरांकडे नव्हती. माझ्याकडे बघत होती. माझ्या लुगड्याकडे. मग तिने पदर डोक्यावर ओढला आणि जिन्याकडे गेली.

  

तिसरं वाक्य स्क्रीनवर आलं. ते कोणत्या खाटेवरचं होतं मला माहीत नाही. मी माइकमध्ये म्हटलं, “मी वाचनार नाय.”

लोक खदखदून हसले. टाळ्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, “वा! हे तर आपल्या स्क्रीनवर नव्हतंच!”

मी पुन्हा म्हटलं, “ह्या त्या बायेचा दुखना हाय. हसता कशाला?”

अजून हशा. पुढच्या रांगेतली एक मुलगी मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढायला लागली. माझा नकार त्यांना नाटकातला भाग वाटत होता. मी माझ्या बोलीत ओरडले असते, रडले असते, तरी त्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या.

म्हणून मी त्यांच्या मराठीत बोलले. जीभ टाळूला लावून.

“मी हे वाचणार नाही. मगाचं वाक्य तिसऱ्या मजल्यावर झोपलेल्या एका बाईचं आहे. तिला मळमळत होतं, पोटात आग पडत होती, म्हणून ती हे डॉक्टरांना म्हणाली. तुम्ही त्यावर चॉकलेट लावलंत.”

लॉबी गप्प झाली. एका क्षणात. मोबाइल खाली आला.

तुम्हाला वाटेल मला जिंकल्यासारखं वाटलं असेल. शिसारी आली. तेच म्हटलं होतं मी, दोनदा. तेव्हा मी जोकर होते. ण लावला तेव्हा माणूस झाले.

मी लुगड्यातच जिना चढले. सुगंधा खाटेशी बसली होती. तिने वर बघितलं नाही.

“सुगंधा, मना माहीत नव्हता.”

“वाचला तूच ना पन,” ती म्हणाली.

 हिराबाईंनी डोळे उघडले, मला बघून हसल्या. “कोनाचा लगीन हाय गो?” मला खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं, तू जे डाक्टरला बोललीस ते खाली मी सगल्यांना वाचून दाखवला, आनि ते हसले.

त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाल्या, “मंग आता कोनाला काय सांगाचाच नाय.”

आणि नाही सांगितलं. संध्याकाळच्या सिस्टरने विचारलं, बरा हाय. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, बरा हाय. मी माझ्या बोलीत विचारलं, तरी बरा हाय. डिस्चार्ज होऊन जाईपर्यंत त्या बाईने ह्या इमारतीत कोणालाही आपलं दुखणं सांगितलं नाही. एका भाषेचा सन्मान झाला आणि एक बाई मुकी झाली.

मला केबिनमध्ये बोलावलं. डॉक्टर खुर्चीत होते, मॅडम उभ्या. डॉक्टर खरंच दुखावलेले होते. “मी तुमच्या भाषेसाठी इतकं करतो. तिला स्टेज दिलं. आणि तुम्ही?”

“स्टेज नको, सर,” मी म्हटलं. “वॉर्ड द्या.”

“सॉरी म्हण आणि संपव,” मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं नाही. मला तळघरात पाठवलं, जिथे ऑपरेशनची हत्यारं धुऊन, उकळून, पाकिटात भरतात. तिथे बोलायला पेशंट नाही. कात्री आणि चिमट्यांना बोलीचं काही वाटत नाही. त्यांना वाटलं मी सोडून जाईन. घरी आयला सगळं सांगितलं तेव्हा तिने नोकरीचं विचारलं नाही. “त्या बायेचा पोट थांबला का दुखायचा?” एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

मी सोडून जाणार नाही. वॉर्डमध्ये परत बदली मागितली आहे, नाकारली की पुन्हा मागते. परवा मॅडम तळघरात उतरून आल्या होत्या. वर्ष होत आलं, मातृभाषा दिवस पुन्हा जवळ आलाय. म्हणाल्या, झालं गेलं विसर, यंदा निदान दीपप्रज्वलनाला तरी ये, फोटो चांगला येईल. मी नाही म्हटलं. कारण विचारलं, तेही सांगितलं. त्यांच्या मराठीत नाही सांगितलं. माझ्या बोलीत सांगितलं, सावकाश, आणि त्या “काय? काय म्हणालीस?” करत राहिल्या तरी बदलून सांगितलं नाही.

तुमच्या दिवसात माझ्या भाषेला धरू नका. फलकावर नको, भाषणात नको, दुधाच्या उपमेत तर नकोच. ती दुखणं सांगायची भाषा आहे. ज्या दिवशी मी परत वर वॉर्डमध्ये जाईन त्या दिवशी पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत, राउंड चालू असताना, सगळ्यांच्या देखत मोठ्याने विचारणार आहे, काय होते गो, कुठं दुखतं, सांग मना. आणि जी सांगेल तिचं उत्तर तिच्याच शब्दांत केसपेपरवर लिहिणार आहे. खोडून दाखवा.