दादाची तुरट वाइन

वाइनच्या कारखान्यातल्या चाखणाऱ्या बाईंना गल्लीतली अर्धी माणसं बेवडी समजायची. दिवसभर पेले तोंडाला लावणारी बाई, आणखी काय असणार! खरं म्हणजे इतक्या वर्षांत बाईंनी एक थेंब गिळला नव्हता. घोट घ्यायचा, जिभेवर घोळवायचा आणि भांड्यात थुंकायचा. गिळलं की जीभ लाडावते, मग खरं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरच्या लग्नातही त्या पाणीच प्यायल्या.

आणि मुलाहिजा म्हणाल तर सख्ख्या भावाचाही नाही. त्यांचा दादा तिथेच वाइन करायचा. निवृत्त होण्याआधी त्याने वाइनचं शेवटचं पिंप मोठ्या हौसेनं भरलं, आणि बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुरट आहे. जीभ आखडली माझी." दादाचा चेहरा पडला. "तिला म्हातारी होऊ दे, मग सांग," एवढंच तो बोलला. मालकांनी ती विकलीच नाही. बाटल्या तळघराच्या कोपऱ्यात गेल्या आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिल्या.

आता तो कोपरा रिकामा करायचं निघालं. मालक म्हणाले, "एक बाटली घरी नेऊन उघडा, दादांसमोर. बरी असली तर ठेवू, नाहीतर सगळी मोरीत." बाई एक बाटली घेऊन निघाल्या. आजारपणात दादाची चव गेली होती, वासही गेला होता. आपली वाइन कशी झाली, हे त्याला आता बहिणीच्या जिभेवरूनच कळणार होतं.

दादा खिडकीशी पायांवर चादर घेऊन बसला होता. बाटली पाहून म्हणाला, "चिमे, माझी दया येऊन चांगली म्हणालीस तर याद राख."

"मी कधी म्हटलंय का?"

"मी आजारी पडल्यापासून तू फार गोड बोलतेस. मला तुझा भरवसा नाही."

बाईंना भरून आलं. त्याचं खरंच होतं. चांगली म्हटलं तर त्याला पटणार नव्हतं, आणि वाईट म्हणायची त्यांची छाती नव्हती.

बूच भुगा होत होत निघालं. गाळ बाटलीतच राहील अशा बेतानं त्यांनी वाइन ओतली आणि पेला पांढऱ्या फडक्यावर तिरका धरला.

"रंग?" दादानं विचारलं.

"कडेला विटकरी."

"वास?"

"सुक्या अंजिराचा. मागून ओल्या लाकडाचा. थांब रे जरा, घाई करू नकोस."

त्यांनी घोट घेतला. तुरटपणा गेला नव्हता, पण निवला होता, रागीट माणूस नातवंडांत निवतो तसा. बाई डोळे मिटून बसल्या. इतका वेळ, की दादाचा जीव खालीवर व्हायला लागला.

"बोल ना! बिघडलीय ना?"

बाईंनी डोळे उघडले आणि मांडीवरच्या भांड्याकडे पाहिलं. भांडं कोरडं होतं. दादानंही ते पाहिलं, मग बहिणीच्या गळ्याकडे पाहिलं.

"अगं," त्याचा आवाज चिरकला, "गिळलीस तू!"

"चुकून गेली," बाई ओशाळून म्हणाल्या.

दादा हसता हसता रडायला लागला. चादरीनं डोळे पुसले आणि पेला बहिणीकडे सरकवला.

"चिमे, अजून एकदा चूक की."