भावाचं काय म्हणतेस?

मुंबईची एसटी नगरच्या स्टँडवरून सकाळी सहाला सुटायची होती आणि आई पाचपासून माझ्या बॅगेवर बसून होती. कुणी उचलून नेऊ नये म्हणून. दावीद, माझा धाकटा भाऊ, तिला दोनदा म्हणाला, "आई, ऊठ, बॅग दबती," पण ती काही हलली नाही. "तिथं चारी बाजूंनी समुद्र हाय म्हनं. पान्यात जाऊ नको, रूथ," एवढंच ती घोकत होती. मी सायप्रस नावाच्या बेटावर एका म्हातारीची सेवा करायला निघाले होते, आणि बेटावर धोका असेल तर तो पाण्याचाच, अशी तिची खात्री होती. गाडी सुरू झाल्यावर दावीदने खिडकीच्या गजात बोटं अडकवली आणि म्हणाला, "ताई, खोल्या दोन घे. एक न्हाई, दोन."

त्या दोन खोल्यांसाठीच हा सगळा खटाटोप होता. वडील सोनईला मिशनच्या शाळेत मास्तर. आम्ही शाळेच्याच क्वार्टरमध्ये वाढलो. वडील गेले आणि तीन महिन्यांत क्वार्टर सोडावं लागलं. मग नगरला भाड्याची एक खोली, चार कुटुंबांत एक संडास. मी दवाखान्यात आया होते, दावीद नागापूरला एमआयडीसीत कधी या वर्कशॉपात, कधी त्या. पाहुणा आला की आम्ही दोघं दारात उभे राहायचो, कारण आत तिसऱ्याला बसायला जागा नसायची. मालकीच्या दोन खोल्या आणि आम्ही तिघं एका छपराखाली, एवढंच हवं होतं. पुढे मी जे वागले ते याच्यासाठी वागले. ही सबब नाही, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते.

परत आल्यापासून जो भेटतो तो समुद्राचं विचारतो. निळा होता का? होता, इतका निळा की बघवत नव्हता. पण मला त्या बेटाची शिसारी आली ती तिथल्या किमतींनी. अख्खं बेट सुट्टीवर आलेल्यांसाठी मांडलेलं. युरोपातली माणसं पंधरा दिवसांसाठी येणार, अंगाला तेल चोपडून पडून राहणार, आणि पंधरा दिवसांत वर्षभराचं उधळून जाणार. त्यांना परवडेल तो भाव. आणि तिथंच राहून त्यांच्या चादरी धुणाऱ्या बाईलाही तोच भाव! मी एक दिवसही सुट्टीवर नव्हते, पण पाव मात्र सुट्टीच्या भावानेच खात होते. तिथला एक पौंड म्हणजे तेव्हाचे सत्तर-पंच्याहत्तर रुपये. गावाच्या आतल्या बाजूला, म्हातारे पत्ते खेळत बसायचे त्या हॉटेलात कॉफी एका दराने, आणि तीच कॉफी, तोच कप, दोन गल्ल्या ओलांडून समुद्र दिसायला लागला की चौपट. वाळूवर उताणं पडायचं तर खाटेचे पैसे वेगळे, डोक्यावरच्या छत्रीचे वेगळे. सावलीला पैसे मोजणारी माणसं मी तिथं पहिल्यांदा पाहिली.

त्यात पाणी. आम्ही दुष्काळी जिल्ह्यातली माणसं. टँकरमागे हंडा घेऊन धावलेली. माझ्या तिथल्या वर्षांत बेटावरही पाऊस रुसला होता. घराघरांत आठवड्यातून दोन-तीनदाच नळाला पाणी यायचं, गच्चीवरच्या टाकीत साठवून पुरवायचं. मी म्हातारीच्या अंघोळीचं पाणी जपून झाडांना घालायची, आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलात तलाव काठोकाठ भरलेला, त्यात ही गोरी मंडळी हवा भरलेल्या गाद्यांवर पडून बिअर पिणार. तलावापासून समुद्र शंभर पावलांवर! शंभर पावलं चालायचाही कंटाळा.

सुट्टी रविवारची, आणि रविवारी बस नाही. हे कुणी ठरवलं असेल त्याला माझा दंडवत. ज्या दिवशी आम्हा कामवाल्यांना बाहेर पडायची मुभा, त्याच दिवशी टॅक्सीशिवाय हलता येत नाही, आणि टॅक्सीवाला अंगावरचे कपडे बघूनसुद्धा भाव कमी करत नाही. मी डांबरी रस्त्याने दीड तास चालत प्रार्थनेला जायची. दोन्ही बाजूंनी भाड्याच्या स्कूटरवरून उघडीवाघडी पोरं सुसाट जायची आणि मला बघून हॉर्न वाजवायची.

एक बरी गोष्ट होती, ती म्हणजे माझी म्हातारी. तिचं पूर्ण नावच मारूला. पाय गेलेले, जीभ शाबूत. दुपारी अंगणात लिंबाखाली जेवायला बसली की फाटकावरून जो जाईल त्याला हाक मारायची, "कोपियास्ते!" पोस्टमन असो, गवंडी असो. तिच्या सुनेने मला अर्थ सांगितला: या, आमच्यात जेवायला या. मला हसूच फुटलं. हे तर आमचंच! आपल्याकडे जेवणारा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला "या जेवायला" म्हणतो, आणि जाणारा "होऊ द्या, सावकाश" म्हणून पुढे होतो. दोघांनाही ठाऊक असतं. पहिलं बोलावणं रिवाजाचं. दुसऱ्यांदा म्हटलं तर मनापासून. आणि तिसऱ्यांदा बोलावल्यावरही निघून जाणं म्हणजे त्या घराचा अपमान. मी मारूलाला हे मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये, म्हणजे तिथल्या भाषेत, सांगितलं तर तिने माझ्या तोंडात जैतुनाचं फळ कोंबलं आणि म्हणाली, इथं एकदाच बोलावतात, पण खरं बोलावतात.

दोन वर्षांनी दावीद आला. एजंटाने त्याला राजधानीतल्या कुठल्याशा हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात चिकटवलं होतं. कॉलेज म्हणजे फर्निचरच्या दुकानावरचे दोन हॉल. शिकवायचे काय, तर सुरी कुठल्या हातात धरायची. पहिल्याच रविवारी तो मला भेटायला आला, कुणाच्या तरी गाडीत बसून आणि शेवटचा तासभर चालून. मला कोण आनंद! मी त्याला समुद्रकाठचा रस्ता दाखवायला नेलं. तिथं एका खानावळीच्या दारात पांढऱ्या शर्टातला एक माणूस हात पसरून उभा होता. आम्हाला बघून म्हणाला, "कोपियास्ते!"

"काय म्हनतो?" दावीदने विचारलं.

"जेवायला बोलावतोय," मी मोठ्या ऐटीत सांगितलं. ग्रीक येत होतं ना मला! आम्ही दोघांनी छातीशी हात नेऊन मान हलवली. होऊ द्या. त्याने पुन्हा हाक मारली. आम्ही हसून नमस्कार केला. तो दोन पावलं पुढे आला आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "कोपियास्ते, कोपियास्ते!"

दावीद म्हणाला, "ताई, तिसऱ्यांदा बोलावलं. आता न्हाई म्हननं बरं दिसत न्हाई."

आणि आम्ही बसलो. मासे आले, पाव आला, चीज आलं. दावीद पोटभर जेवला. त्या माणसाला त्याने दोनदा मराठीत "लई उपकार" म्हटलं. मग बिल आलं. माझी तीन दिवसांची मजुरी. त्यात पावाचे वेगळे, आणि ताट-सुरी मांडल्याचे माणशी वेगळे. बसल्याचे पैसे! मी उभी राहून त्याला आपल्या भाषेत जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. त्याने शांतपणे दारातल्या फळ्याकडे बोट दाखवलं. चार भाषांत भाव लिहिलेले होते. दावीद परत येताना रस्ताभर हसत होता. मी मात्र गेलेले पैसे पुन्हा पुन्हा मोजत होते, आणि खरं सांगायचं तर माझा राग त्या माणसापुरता राहिला नाही.

त्या दिवसापासून मी दगड झाले. दावीद दर रविवारी यायचा, भुकेला यायचा. हॉस्टेलात त्याला एकवेळचं मिळायचं. मी फाटकातच विचारायला लागले, "जेवून आलास ना?" आपल्याकडे दारात आलेल्याला हे विचारणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. तो "व्हय" म्हणायचा. दर वेळी "व्हय."

उन्हाळ्यात मारूलाचा मुलगा मला त्याच्या भाड्याच्या फ्लॅटांच्या साफसफाईलाही लावायचा. पाहुणे गेले की फ्रिजमध्ये अर्धे-अर्धे डबे, कापलेले पाव, एक घास खाऊन ठेवलेलं काहीबाही. पहिल्या वर्षी ते कचऱ्यात टाकताना माझा जीव जळायचा. तिसऱ्या वर्षी मी ते टाकणंच बंद केलं. चांगलं बघून मारूलाच्या अंगणातल्या माझ्या खोलीत आणायची, आणि एका रविवारी तेच दावीदपुढे ठेवलं. त्याने पावाला जॅम लावला, बरणीकडे बघितलं. आत दुसऱ्याच्या चमच्यावरून लागलेलं लोणी होतं.

"ताई, हे कुनाचं उष्टं हाय?"

"खा की, चांगलं आहे," मी म्हटलं. त्याने तो पाव संपवला. मला वाटलं होतं खाली ठेवेल, पण संपवला. आम्हा मास्तरांच्या घरात मुलांनी एकमेकांचंही उष्टं खाल्लेलं वडिलांना चालत नसे.

त्याच महिन्यात आईला फोन लावला. रस्त्यावरच्या बूथमध्ये कार्ड घालायचं, आणि पडद्यावर आकडे भराभर उतरत जायचे. आईने शेजाऱ्यांकडे येऊन फोन घेतला. पलीकडून खरखरीत आवाज, "भावाचं काय म्हनतीस?"

मी सुरू झाले. "भाव लई चढलेत आई. टोमॅटो बघशील तर, आणि टॅक्सी, आणि पाण्याची बाटलीसुद्धा..." आकडे उतरत होते आणि मी बोलत होते. आईने मला मधेच तोडलं. मग म्हणाली, "अगं, तुझ्या भावाचं इचारते मी. दावीदचं. जेवतोय का नीट?"

"जेवतोय," मी म्हटलं, आणि कार्ड संपलं.

बूथमध्ये मला स्वतःची किळस आली होती, आणि तरी पुढच्या रविवारी जे झालं ते झालंच. मी अंगणात माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून डाळभात खात होते. डाळ राजधानीतल्या एका दुकानात मिळायची, सोन्याच्या भावाने. पातेल्यात आणखी दोघांपुरती होती. फाटक वाजलं. दावीद, घामाने निथळलेला, बूट पांढरे धुळीने. मी त्याच्याकडे बघितलं, आणि माझा हात आपोआप गेला आणि पातेल्यावर झाकण पडलं. "ये जेवायला" म्हटलंच नाही. दोन शब्द, जे सोनईच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाही परक्याला मी म्हटले असते.

तो फाटकाशीच थांबला. म्हणाला, "होऊ दे ताई, सावकाश."

लिंबाखाली मारूला तिच्या ताटावर बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं. तिने माझ्याकडे एक नजर टाकली, मग हात वर करून त्याला हाक मारली, "कोपियास्ते, पोरा."

दावीद तिच्याजवळ गेला. खिशात हात घालून त्याने तीन-चार नाणी काढली, तळहातावर धरली आणि अदबीने विचारलं, "पोसो?" पोसो म्हणजे किती. बेटावर उतरलेला माणूस हा शब्द सगळ्यात आधी शिकतो. तो चेष्टा करत नव्हता. त्याने खरंच किंमत विचारली होती. म्हातारीचा हात तसाच वर राहिला. ती रडायला लागली, आणि दावीदला कळेना आपलं काय चुकलं.

गेल्यापासून पाच वर्षांनी मी परत आले. नगरच्या बाहेरच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या. स्वतःचा संडास, नळाला पाणी, दोन्ही खोल्यांना रस्त्याकडे खिडकी. तिकडे गेलेल्या आणि अजून तिथेच असलेल्या बायका मला पत्रात विचारतात, घर झालं ना? झालं. पुढच्या खोलीत आई आणि मी. मागची दावीदसाठी, पलंग मांडून ठेवलेली. त्याने त्या पलंगावर पाठ टेकली नाही. माझ्या आधीच तो परत आला होता, नागापूरला कामाला लागला होता, आणि तिथेच दोन मित्रांबरोबर खोली करून राहिला. भांडण नाही, अबोला नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, ताईनं लई कष्ट काढले.  ज्या तिघांसाठी खोल्या घेतल्या त्यातला एक दर रविवारी पाहुण्यासारखा येतो.

येतो तेव्हा चपला काढता काढताच सांगतो, "मी जेवून आलोय ताई." मी भाकरी टाकते, ताट वाढते, एकदा म्हणते, दोनदा म्हणते, तिसऱ्यांदाही म्हणते. तो हसून मान हलवतो, आईचे पाय चेपतो, तासाभराने उठतो. मग कोपऱ्यावरच्या गाडीशी उभं राहून दोन वडापाव घेतो आणि भराभर खातो. मागच्या खोलीच्या खिडकीतून ते स्वच्छ दिसतं.