दोन इलेक्ट्रिक गाड्या आणि म्हसोबाचा चढ

दोन आलिशान इलेक्ट्रिक एसयूव्ही, दोन दिवस आणि रस्ता एकच: बावधन ते पौडच्या पुढचं आमचं शेत. कोणती घ्यावी एवढंच वाचायला आला असाल तर सांगून टाकते, निळी घ्या. मी मात्र दोन्ही गाड्या सपशेल नापास व्हाव्यात म्हणून देव पाण्यात ठेवून निघाले होते.

दादाला अशी गाडी हवी आहे आणि त्यासाठी उरलेलं शेवटचं शेत विकायचं आहे. जांबे गावातली जमीन केव्हाच विकली गेली. या विक्रीला माझीही सही लागते. मी म्हटलं, आबा म्हणतील तसं. आबा, म्हणजे आमचे वडील, दादाला म्हणाले, "गाडी म्हसोबापत्तूर चढली तर इका. न्हाई तर न्हाई." बांधावरच्या म्हसोबाला नारळ फोडल्याशिवाय आमच्यातलं कुणी शेतात पाऊल टाकत नाही, आणि तिथवरचा चढ असा की बैलगाडीसुद्धा अडायची. मला वाटलं, शेत वाचलं.

शनिवारी पांढरी गाडी होती. शोरूमवाल्यांनी दिवसभरासाठी दिली. चांदणी चौकापर्यंत कौतुकच वाटलं. आवाज नाही, धूर नाही, आणि उचल अशी की आबांनी समोरचं हँडल घट्ट धरलं. भूगावच्या गर्दीत मात्र तिची रुंदी नडली, आणि पुढच्या खड्ड्यांत ते पातळ टायर प्रत्येक दगडाची खबर कमरेला देत होते. पिरंगुटला मिसळ खाल्ली. नव्वद रुपये, तर्री मागून घ्या. गाडी चार्जिंगला लावावी म्हटलं तर हॉटेलचा चार्जर बंद.

"लाइट आली का व्हतो चालू," मालक म्हणाला.

"कधी येते?"

"येती की. बसा निवांत."

पौडच्या पुढे डांबर संपलं आणि चढाच्या पहिल्याच वळणावर गाडीचं पोट दगडाला घासलं. दादा खाली वाकून बघत बसला. आम्ही बापलेक उरलेला चढ चाललो. आबांनी चपला काढल्या, नारळ फोडला, बांधाबांधानं फिरले, एक ढेकूळ हातात चुरून पाहिलं. "वल हाय अजून," म्हणाले. परतीच्या वाटेवर मी गाणं गुणगुणत होते.

रविवारी निळी. हिचे दोष आधी. डिकी लहान, आणि सगळी बटणं पडद्यावर, एसीची दिशा बदलायलाही त्यातच बोट घालायचं. पण बॅटरीची रेंज फारशी घटली नाही, खड्डे कळले नाहीत. मागच्या सीटला गार हवा आणि पाठ चेपायची सोय. आबा पौड येईपर्यंत डोळे मिटून होते. चढापाशी दादानं पडद्यावर काहीतरी दाबलं आणि बसलेली म्हैस उठावी तशी गाडी वर उठली. मी मनात म्हसोबाला म्हणत होते, अडव रे हिला. ती न घसरता, न घासता थेट बांधाला जाऊन लागली.

मी नारळ घेऊन उतरले. बाहेर ऊन रणरणत होतं. मागचं दार उघडलं.

"आबा, उतरताय ना?"

"कशाला? हितनंच दिसतोय की म्हसोबा." त्यांनी बसल्या जागीच काचेतून हात जोडले. "दार लाव बाई. गारवा जातोय."

"आणि नारळ?"

"ऱ्हाऊ दे. लई ऊन हाय." मग दादाला म्हणाले, "चढली बाबा तुजी गाडी. घे."

मला वाटलं होतं, निदान शेवटचं म्हणून तरी उतरतील. मी दार लावलं. आत आबा पुन्हा डोळे मिटून बसले होते आणि काचेत मला माझंच तोंड दिसत होतं. दादावर रागवावं तर त्यानं काहीच लबाडी केली नव्हती. चढ तर गाडी खरंच चढली होती. बावधनला पोचेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले. गाडीला आवाज नसल्यानं तेही चोरून करावं लागलं.

तर हिशेब असा: पांढरी दिसायला देखणी, पण आपल्या रस्त्यांची नाही. निळी कुठंही जाते, आणि आत बसलेल्याला उतरावंसं वाटत नाही. हा गुण की दोष, तुमचं तुम्ही ठरवा.

सही मी करून टाकली. नारळ घरी परत आला होता, त्याची काल चटणी केली. आबांनी दोनदा मागून घेतली.