देवीनं ऐकलं होतं

जैसलमेरच्या पुढे, सरहद्दीजवळच्या देवीच्या देवळात लोक नवस बोलून रुमाल बांधतात आणि नवस फळला की येऊन एक सोडतात. वाळवंटाच्या वाऱ्यात हजारो रुमाल फडफडत होते. कुणी काय मागितलं, ते रुमालाकडे बघून कळत नाही.

माझे वडील, अण्णा, अंथरुणाला खिळले होते तेव्हा मीही इथं एक बांधून गेलो होतो. यंदा आईला घेऊन आलो आणि एक गाठ सोडू लागलो.

"अरे, आपला नवस कुठं फळला?"

"फळला, आई. त्यांना बरं कर म्हणालोच नव्हतो मी. घेऊन जा म्हणालो होतो. दमलो होतो गं."

आईनं रुमालाची सावकाश घडी घातली. "तुझ्या तोंडावरून त्यांना कळलं होतं रे. शेवटी औषध नको म्हणायचे, ते म्हणूनच."